साठ किलोचे सर

तारीख मार्चमधल्या दुसऱ्या रविवारची, वेळ सकाळची. रक्कम तीन हजार सहाशे. हजर होते ते असे: सर, काकू, सरांचा पुण्याहून आलेला मुलगा, वेल्डिंगवाला शब्बीर आणि मी. रक्कम रुपयांत नव्हती, ज्यूलमध्ये होती. साठ किलोचा माणूस सहा मीटर वर न्यायला जेवढं कार्य लागतं, तेवढी. सरांनी ती अंगणातल्या भिंतीवर खडूनं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी नवी पेठेत, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावातल्या, एका कापड दुकानाचे हिशोब बघतो. मी ती रक्कम दोनदा ताडून पाहिली होती. गुणाकारात चूक नव्हती.

चूक कुठं होती ते कळायला आधी सर कळले पाहिजेत.

शुक्रवार पेठेत सरांचं दुमजली घर. खाली सर आणि काकू, वरच्या मजल्यावर भाड्यानं आम्ही, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीत पत्र्याची एक खोली होती. सरांनी सगळी नोकरी एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात खडू असायचा, आणि शर्ट धुवायला टाकण्याआधी तो काढायचं काम काकूंचं. दर रविवारी सकाळी पेठेतली दहा-बारा मुलं त्या पत्र्याच्या खोलीत जमायची. फी नव्हती. अट एकच, 'का' विचारायचं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशीच सरांची ओळख झाली. हमालांनी लोखंडी कपाट जिन्याशी आणलं आणि सर आडवे आले. म्हणाले, "थांबा. सरळ उचलून नेऊ नका. फळ्या टाकू. उतार लांब केला की जोर कमी लागतो."

हमाल म्हणाला, "आजोबा, दहा मिनिटाचं काम हाय."

"कार्य तेवढंच होणार. जोर कमी लागेल."

फळ्या शोधण्यात तास गेला. त्या जिन्यावर बसवण्यात दुसरा. कपाट एकदा निम्म्यावरून घसरून खाली आलं, तेव्हा सरांनी हमालांना घर्षण समजावून सांगितलं. संध्याकाळी कपाट वर पोचलं. हमालांनी दिवसाची मजुरी मागितली आणि सरांनी ती स्वतःच्या खिशातून दिली, वर चहा पाजला. माझी बायको म्हणाली, "कपाट वर गेलं, दिवस खाली गेला." सरांना ते वाक्य एवढं आवडलं की पुढं कित्येक रविवार त्यांनी ते मुलांना ऐकवलं.

दमलो असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "विस्थापन किती?" दिवसभर खुर्चीत बसून हिशोब केले म्हटलं तर "मग शून्य" म्हणून मोकळे. एकदा काकूंसोबत आमच्या दुकानात आले. काकूंनी तीन साड्या पसंत करेपर्यंत तासभर डाळीची पिशवी हातात धरून उभे. आमचा सेल्समन म्हणाला, "सर, ठेवा की खाली. हात भरून येईल."

"मी ती वर उचलत नाही, कुठं नेत नाही. पिशवीवर माझं कार्य शून्य आहे."

हात थरथरत होता. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. शेवटी पिशवी काउंटरवर ठेवली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कार्य शून्य असतं हे खरं. पण हाताच्या स्नायूंना ते कुणी कळवलेलं नाही. ते आतल्या आत ऊर्जा जाळत बसतात आणि सगळी उष्णता करून टाकतात." मग काकूंकडं बघत म्हणाले, "हिला सांगू नकोस."

गुरुत्वत्वरणाचा त्यांचा नियम होता: परीक्षेत नऊ पॉइंट आठ, घरात दहा. आणि उदाहरण ठरलेलं. "माझं वस्तुमान साठ किलो. मी सहा मीटर जिना चढून गच्चीवर गेलो. सांगा कार्य किती?" पेठेत दोन पिढ्या हे उदाहरण सोडवून मोठ्या झाल्या. किराणा दुकानदार, रिक्षावाले, बँकेतल्या मॅडम, कुणालाही रस्त्यात अडवून विचारलं तरी उत्तर यायचं, तीन हजार सहाशे. शब्बीर विज्ञानात दोनदा नापास झाला होता, पण तेवढं उदाहरण त्यालाही पाठ. पेठेत सरांचं नावच 'साठ किलोचे सर' पडलं होतं.

जेवताना सर म्हणायचे, "एका भाकरीत एवढी ऊर्जा असते की हिशोबानं मी शंभरावर वेळा गच्चीवर जाऊन येईन. प्रत्यक्षात वीस-पंचवीसदा. शरीर म्हणजे गळकी बादली. बरंचसं ऊब होऊन वाया जातं."

काकू मंद्रूपकडच्या. माहेरी कन्नड, सासरी मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्या म्हणायच्या, "गळकी बादली म्हणत म्हणत चार भाकऱ्या खातात."

मग सरांच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, महिना-दीड महिना तिकडंच गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायचे नाहीत. उतरायला हरकत नाही, सावकाश. मी तिथंच होतो. सरांनी विचारलं, "चढायचं नाही म्हणजे किती ज्यूलपर्यंत चालेल?"

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मला जिने कळतात. ज्यूल नाही."

त्यानंतर सर खालच्या खोलीत बसून राहू लागले. मुलं रविवारी यायची, पण अंगणात उभं राहून काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. मी म्हटलं, "सर, खालीच वर्ग घ्या की. अंगण मोठं आहे."

सर म्हणाले, "उंची लागते. गच्चीवरून लिंबू टाकलं, वीट टाकली, खाली वाळूत खड्डा पडला, तो पोरांनी मोजला, की स्थितिज ऊर्जा कळते. जमिनीवर बसून ती फळ्यावर लिहिता येते. शिकवता येत नाही."

"लिंबू मी टाकतो वरून."

"आणि पोरांनी 'का' विचारलं तर काय सांगशील?"

दोन-तीन रविवारांत मुलं यायची थांबली. सरांच्या खिशातला खडू तसाच राहायचा. काकू शर्ट धुताना खिसा चाचपायच्या आणि खडू होता तेवढाच बाहेर यायचा.

पुण्याचा मुलगा आला. चांगला मुलगा, आई-वडलांची काळजी असलेला. तो म्हणाला, "बाबा, वर जाता येत नाही, खाली करमत नाही. मग इथं राहून काय करताय? माझ्याकडं चला. बिल्डिंगला लिफ्ट आहे."

"लिफ्टनं कुठं जायचं?"

"अकराव्या मजल्यावर. घरी."

"आणि तिथून लिंबू टाकलं तर वॉचमन वर येईल."

मुलगा हसला नाही. घर बंद करायचं, एप्रिलमध्ये निघायचं, असं त्यानं ठरवत आणलं होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी शब्बीरला बोलावणं पाठवलं.

कल्पना अशी होती. गच्चीच्या कठड्यापलीकडं लोखंडी तुळई काढायची, तिला मोठी कप्पी. कप्पीवरून वायर रोप. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला पाण्याचा ड्रम. खुर्ची खाली असली की ड्रम वर. गच्चीवरच्या टाकीतून ड्रममध्ये सरांच्या वजनाइतकं पाणी सोडायचं, कप्पीच्या घर्षणासाठी वर दोन लिटर, की ड्रम सावकाश खाली येणार आणि सर सावकाश वर जाणार. खाली आलेलं पाणी हौदात ओतायचं. मोटर ते परत टाकीत चढवणार.

शब्बीर बराच वेळ तुळईच्या जागेकडं बघत राहिला. "सर, ये लिफ्ट है के झूला?"

"तराजू आहे."

"मोटर बसवू की सरळ. बटन दाबायचं, वर जायचं."

"लाइट गेली तर मी अधांतरी. पाणी आधीच वर असतं. टाकीत उंची साठवलेली आहे, शब्बीर. मी ती उसनी घेतो आणि परत करतो. पाणी एक थेंब कमी होत नाही."

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं हे शेवटचं वाक्य काकूंसाठी होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बेडा. हे काय नको आपल्याला. म्हातारपणी पाळण्यात बसतंय का कोण?"

मुलानं मात्र ऐकून घेतलं. त्यानं तुळईची जागा पाहिली, कठडा ठोकून पाहिला, खुर्चीला पट्टा हवाच म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, नीट चाललं तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही चाललं तर एप्रिलमध्ये यायचं. वाद घालायचा नाही."

"मान्य," सर म्हणाले.

शब्बीरनं आठ दिवसांत काम केलं. खुर्ची झुलू नये म्हणून दोन उभे पाइप, त्यांच्या मधून ती वर सरकायची. ड्रमवर लिटरच्या खुणा मी स्वतः मारल्या, मापानं पाणी ओतून. खुर्ची भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली आणि रिकाम्या ड्रमला लोखंडाचे तुकडे बांधून दोन्ही समान केले. खुर्चीच्या बुडाला एक जाड दोर बांधला, अंगणातल्या खांबाला त्याचा एक वेढा दिला, टोक माझ्या हातात. काही झालंच तर ओढून धरायला. मी सगळं तपासलं. एवढं तपासूनही एक गोष्ट तपासायची राहिली आणि ती कुणाच्याच मनात आली नाही.

तर तो रविवार. आधी चाचणी. काकूंच्या माहेरून आलेली ज्वारी होती, तिचं बरोबर साठ किलोचं पोतं धान्यवाल्याकडून तोलून आणलं. ते खुर्चीत ठेवलं, पट्टा बांधला. गच्चीवर शब्बीरनं ड्रम बासष्टच्या खुणेपर्यंत भरला आणि ड्रम अडवून धरणारी खिट्टी काढली.

पोतं वर गेलं. सावकाश, न डगमगता, एखादी पालखी उचलावी तसं. माझ्या हातातला दोर दोन बोटांतून सरकत होता, मला धरावाही लागला नाही. शब्बीर वरून म्हणाला, "सर, ज्वारी पोची."

मुलगा म्हणाला, "बाबा, पोत्याला हार्ट नाही."

"म्हणूनच त्याला पुढं पाठवलं."

ज्वारी उतरवली, ड्रम हौदात रिकामा केला, खुर्ची खाली ओढली, ड्रम पुन्हा भरला. सर खुर्चीत बसले. धुतलेला शर्ट, खिशात खडू. काकू आत निघून गेल्या. सरांनी भिंतीवरच्या तीन हजार सहाशेकडं एकदा पाहिलं आणि वर बघून म्हणाले, "सोड."

पहिला हातभर ते सावकाश गेले. मग वेग वाढला. मग आणखी वाढला. ड्रम समोरून खाली येताना मला दिसला आणि दोर बोटांतून पळायला लागला. मी मूठ आवळली. दोरानं तळहात सोलला, खांबाशी करकर आवाज झाला आणि जळल्यासारखा वास आला. मी पाय खांबाला लावून मागं रेललो. खुर्ची मंदावली, आणि तुळईच्या वीतभर खाली थांबली. ड्रम जमिनीवर टेकला. मुलगा तोपर्यंत जिन्यानं निम्म्यात पोचला होता.

मी दोर खांबाला बांधून टाकला आणि जिना चढलो. शब्बीरनं सरांना धरून गच्चीत घेतलं होतं. सर कठड्याशी बसले होते. चेहरा पांढरा, पण श्वास ठीक होता. मुलानं त्यांचं मनगट धरलं होतं. तो म्हणाला, "झालं ना समाधान? आता एप्रिल."

सर त्याच्याकडं बघत नव्हते. ते खाली ड्रमकडं बघत होते. म्हणाले, "ज्वारी सावकाश आली. मी जोरात आलो. म्हणजे ज्वारी माझ्यापेक्षा जड आहे." मग त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, "मी किती किलो आहे?"

मी म्हणालो, "साठ."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. वर्गात."

"कधी केलं होतं वजन?"

कुणाला ठाऊक नव्हतं. खालून काकूंचा आवाज आला. त्या अंगणात ड्रमजवळ येऊन उभ्या होत्या. "एकोणपन्नास. दवाखान्यात काट्यावर उभं केलं तवा भरले. मी हितंच हाय की, मला कोण विचारतंय? प्यांट दोनदा आत घेतली, पट्ट्याला नवं भोक पाडलं. ते बी दिसत न्हाय ह्यांना."

माझ्या मते सरांना तो वेग लागला नव्हता एवढा हा आकडा लागला. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना 'दिलेली माहिती आधी तपासा' म्हणून सांगितलं, तो स्वतःच्याच उदाहरणात राहत आला होता. आणि आम्ही सगळे त्याच उदाहरणात त्याला बघत होतो.

ते सावकाश जिना उतरून खाली आले. काकूंनी मधल्या वेळात एक काम केलं होतं. ड्रममधलं पाणी हौदात ओतण्याआधी त्यांनी पितळेची कळशी ड्रममध्ये बुडवून काठोकाठ भरून घेतली होती आणि ओट्यावर ठेवली होती. सर आले तशा म्हणाल्या, "माझ्या कळशीत अकरा लिटर बसतंय. हे बघा तुमचे गेलेले."

सरांनी कळशीच्या कडीला हात घातला आणि उचलून बघितली. जेमतेम ओट्यावरून सुटली. त्यांनी ती परत ठेवली. "एवढे?" म्हणाले.

"एवढे."

मुलगा म्हणाला, "आई, आता तरी सांग त्यांना. नीट चाललं नाही, ठरल्याप्रमाणं..."

काकू म्हणाल्या, "यंत्राची काय चूक हाय रे त्यात? ते साठाचं बनवलंय, साठाचं वागलं. माणूस एकोणपन्नासाचा बसवला तुमी." मग वर मान करून म्हणाल्या, "शब्बीर, एक कळशी कमी भर."

"जी, काकू."

"बेडा म्हणत होतीस ना तू?" मुलगा म्हणाला.

"व्हय. तवा मला कुणी वजन विचारलं नव्हतं."

मग मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, तुमचा हात सोललाय. या वेळी दोर मी धरतो." त्यानं खांबाला एकाऐवजी दोन वेढे दिले आणि टोक मनगटाला न गुंडाळता नीट मुठीत घेतलं. सर खुर्चीत बसले. काकू या वेळी आत गेल्या नाहीत. शब्बीरनं खिट्टी काढली.

सर वर गेले ते ज्वारीसारखे. मुलाला दोर ताणावा लागला नाही. सहा मीटर वर पोचल्यावर सरांनी खिशातला खडू काढला आणि खोलीच्या पत्र्यावर हिशोब मांडला. शब्बीरनं तो आम्हाला वरून वाचून दाखवला. पहिल्या फेरीत पाण्यानं दिले तीन हजार सहाशे, कप्पीचे दोन लिटर वेगळे. सरांना पोचले दोन हजार नऊशे चाळीस. बाकी सहाशे साठ.

"बाकी कुठं गेली?" मुलानं खालून विचारलं. सरांना त्यानं तो प्रश्न बहुधा नववीनंतर पहिल्यांदाच विचारला असेल.

"कुठं जात नाही. ऊर्जा कुठं जात नसते. दोराला हात लावून बघ, खांबाला हात लावून बघ. आणि याच्या तळहाताला विचार."

काकू माझ्या तळहाताला तूप लावत होत्या. म्हणाल्या, "एवढी ऊर्जा उगीच तुमाला दिली."

मुलगा दुपारच्या गाडीनं पुण्याला गेला. पुण्याला चला हे पुन्हा बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून कुरिअर आलं, त्यात वजनकाटा होता. रविवारचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं, माझं वस्तुमान एकोणपन्नास किलो. एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या पप्पांच्या वेळी साठ होतं. का कमी झालं?" सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि त्या दिवशी तासभर ऑपरेशन, जेवण आणि गळकी बादली यांवर बोलले. लिंबू टाकायचं राहूनच गेलं.

वर्गाआधीचा नियम काकूंनी घालून दिला. सरांना काट्यावर उभं करायचं, आकडा काकूंनी स्वतः वाचायचा, आणि मगच गच्चीवर शब्बीरला किंवा मला सांगायचं. सर वाचून दाखवायला लागले की म्हणायच्या, "तुमी गप उभं राहा. हलू नका."

आता आम्ही विजापूर रोडला स्वतःच्या घरात राहतो. बिल्डिंगला लिफ्ट आहे, आत वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती बघितली की मी अजून मनात गुणाकार करतो. शुक्रवार पेठेतलं घर सोडलं त्या शेवटच्या रविवारी सामान टेम्पोत चढवून झालं होतं. सरांनी या वेळी फळ्यांचा आग्रह धरला नाही, कपाट हमालांनी दहा मिनिटांत उतरवलं. सर म्हणाले, "खाली आणायला गुरुत्वाकर्षण आहे. त्याला मजुरी द्यावी लागत नाही."

मग सर काट्यावर उभे राहिले. काकू वाकल्या, चष्मा सरळ केला, आकडा बघितला. जिना चढून स्वतः गच्चीवर गेल्या आणि एकोणपन्नासाच्या हिशोबानं भरलेल्या ड्रममध्ये लिटरभराच्या तांब्यानं पाणी ओतलं. एक तांब्या. मग आणखी एक. दोर माझ्या हातात होता. शब्बीरनं खिट्टी काढली, खुर्ची सावकाश उचलली गेली, आणि मला दोर धरावा लागला नाही.

चुकती रक्कम तीन हजार साठ ज्यूल. सगळी सरांना पोचली.